अर्धा अँटेना गाडीतच असतो

अमेरिकेतल्या महामार्गावर ट्रकवाले आपापसांत काय बोलतात ते ऐकायचं असेल, तर सीबी रेडिओचा चॅनल १९ लावायचा. सर्वसामान्यांना बोलण्यासाठी म्हणून ही पट्टी तिथे १९५८ पासून आहे. पण तिला खरे दिवस आले ते १९७३ च्या तेलटंचाईनंतर, महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा लागू झाली तेव्हा. पुढे पोलीस कुठे दबा धरून बसलेत आणि कुठल्या पंपावर डिझेल शिल्लक आहे, हे चालक एकमेकांना या रेडिओवरून सांगू लागले. मोबाइल आल्यावर गर्दी ओसरली, तरी ट्रकवाले आणि रानावनात फोर-बाय-फोर घेऊन जाणारे हौशी लोक अजून गाडीत सीबी बसवतात.

संचाची ताकद कायद्यानेच बांधलेली आहे: एएमवर ४ वॅट. संच साधा घ्या नाहीतर महागडा, बाहेर पडायचे वॅट तेवढेच. त्यामुळे तुमचा आवाज दोन किलोमीटरवर विरतो की आठ किलोमीटरवर ऐकू जातो, हे ठरतं अँटेनावर आणि तो बसवणाऱ्यावर. तरीही बहुतेक लोक संच निवडायला आठवडा घालवतात आणि अँटेना दहा मिनिटांत उरकतात.

आधी लांबीचं गणित पाहू. सीबीचे ४० चॅनल २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये पसरलेले आहेत. चॅनल १९ म्हणजे २७.१८५ मेगाहर्ट्झ, आणि त्या लहरीची लांबी जवळपास ११ मीटर. गाडीवर उभा करायचा तो पाव लहरीचा दांडा, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आतबाहेर. जुन्या ट्रकांच्या बंपरवर डुलणारी १०२ इंची स्टीलची छडी तीच. कामाला तिच्यासारखी दुसरी नाही, पण कमी उंचीच्या पार्किंगमध्ये शिरताना ती छताला फटके मारते. म्हणून बाजारात तीन-चार फुटी अँटेना मिळतात. त्यांत उरलेली लांबी तारेच्या वेटोळ्यांत गुंडाळलेली असते. वेटोळं घातलं की लांबीची तूट विजेच्या हिशेबाने भरून निघते, पण फुकट नाही: दांडा जितका आखूड, तितकी ताकद वेटोळ्यात उष्णता होऊन वाया जाते आणि तितके कमी चॅनल नीट जुळतात. झेपेल तेवढा लांब अँटेना घ्यावा, एवढंच माझं मत.

पण दांडा कितीही चांगला असला तरी तो निम्माच अँटेना आहे. पाव लहरीच्या दांड्याला समोर दुसरा पाव लागतो, आणि तो गाडीचा पत्रा पुरवतो. दांड्यात वर चढणाऱ्या विजेला तोलून धरणारी वीज पत्र्यातून वाहते. हे एकदा नीट लक्षात आलं की बसवण्याचे बहुतेक नियम पाठ करावेच लागत नाहीत. टपाच्या मधोमध बसवलेला अँटेना चारी दिशांना सारखा ऐकू जातो, कारण त्याच्या चहूबाजूंना पत्रा आहे. मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवला, तर जिकडे पत्रा जास्त तिकडे, म्हणजे पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे, जोर जातो. फायबरच्या बॉडीवर साधा अँटेना चालतच नाही. तिथे पत्र्याशिवाय चालणारा वेगळा प्रकार घ्यावा लागतो.

चुंबकाच्या बैठकीचा अँटेना टपावर नुसता ठेवला की झालं. रंग खरवडायचीही गरज नाही, कारण चुंबकाची थाळी आणि खालचा पत्रा यांच्यामध्ये रंगाचा पातळ थर आला तरी त्या दोघांचं मिळून कपॅसिटर होतं आणि रेडिओची वीज त्यातून सहज जाते. फक्त पत्रा लोखंडी हवा. फोर्ड एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून अॅल्युमिनियमची आहे. तिच्यावर चुंबक घेऊन जाणारा तोंडघशी पडतो.

आरशाच्या दांडीला किंवा मागच्या स्टेपनीच्या कंसाला पट्टी कसून अँटेना बसवायचा असेल, तर मात्र रंग खरवडावाच लागतो. इथेच एक छोटीशी गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. पट्टीच्या भोकातून जो बोल्ट जातो, त्याच्याशी केबलची मधली तार जोडलेली असते. केबलची बाहेरची जाळी मात्र पट्टीला, म्हणजे बॉडीला जोडायची असते. या दोघांना वेगळं ठेवतो तो एक कॉलरवाला प्लास्टिकचा वॉशर. त्याची कॉलर भोकात बरोबर बसली पाहिजे, म्हणजे बोल्टचे आटे पट्टीच्या कडेला कुठेही टेकत नाहीत. वॉशर उलटा बसला किंवा कसताना तिरका झाला, की बोल्ट पट्टीला चिकटतो आणि सगळी ताकद तिथल्या तिथे शॉर्ट होते. वरून पाहणाऱ्याला काहीही दिसत नाही.

म्हणून संच जोडण्याआधी मल्टिमीटर घ्या. केबलच्या प्लगची बाहेरची कड आणि गाडीची बॉडी यांच्यात जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. मधली पिन आणि बाहेरची कड यांच्यात जोड दिसायला नको. काही अँटेनांच्या बुडातलं वेटोळं मुद्दाम जमिनीला जोडलेलं असतं आणि तिथे मीटर शॉर्ट दाखवतं. ते दुखणं नव्हे. अशा वेळी दांडा बैठकीवरून काढून पुन्हा मोजावं. बिजागरीवर टेकलेल्या बोनेट-डिकीवर भरवसा ठेवू नका. ग्रीस आणि रंगामुळे त्यांचा बॉडीशी संबंध नावापुरताच असतो, तेव्हा विणलेल्या तांब्याची एक रुंद पट्टी दोन्हीकडे कसून टाका.

केबल ५० ओहमची घ्या. साधी आरजी-५८ पुरते. ती १८ फुटीच हवी असं दुकानदार ठासून सांगतात. एका अँटेनाला हा नियम लागू नाही, जेवढी लागेल तेवढी घ्यावी. दोन्ही आरशांवर जोडीने अँटेना लावणाऱ्या ट्रकांना मात्र त्याला अर्थ आहे. तिथे ७५ ओहमच्या दोन केबल वापरतात. केबलमध्ये लहर आखूड होते, त्यामुळे १८ फुटांत बरोबर पाऊण लहर बसते. एवढ्या लांबीची ७५ ओहमची केबल अँटेनाचे ५० ओहम संचाच्या टोकाला सुमारे ११२ करून दाखवते, आणि असे दोन ११२ एकत्र जोडले की संचाला पुन्हा ५६ दिसतात, म्हणजे हवे तितकेच. जोडीचा नियम एकट्याला चिकटला तो असा.

विजेसाठी सिगारेट लायटरचं भोक टाळा. इंजिनाची खरखर तिथून येते. बॅटरीवरून थेट तारा ओढा आणि फ्यूज बॅटरीजवळ टाका.

आता ट्यूनिंग. त्यासाठी एसडब्ल्यूआर मीटर लागतं. अँटेनाकडे गेलेल्या ताकदीतली किती परत फिरली, ते हे मीटर सांगतं. १.५ ला ४ टक्के परत येते, २ ला ११, आणि ३ ला २५. म्हणजे १.५ च्या आत आलात की पुढे घासाघीस करण्यात अर्थ नाही. ३ च्या वर असेल तर बोलूच नका, संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

गाडी उघड्या मैदानात न्या. भिंत, पत्र्याची शेड, दुसरी गाडी, जवळ उभी असलेली माणसं हे सगळे आकडा बदलतात. दारं बंद करा. मीटर संच आणि अँटेनाच्या मध्ये आखूड केबलने जोडा. बटण पुढच्या ताकदीवर ठेवून माइक दाबा, काटा खुणेपर्यंत आणा, मग बटण उलट बाजूला करून आकडा वाचा. न बोलता आणि झटपट. काटा दर चॅनलला नव्याने खुणेवर आणायचा. असं चॅनल १, १९ आणि ४० वर करा.

समजा आकडे आले २.२, १.७ आणि १.३. चॅनल १ ची लहर सगळ्यांत लांब, आणि नेमकी तिथेच अडचण आहे. म्हणजे दांडा आखूड पडतोय, लांबवा. चॅनल ४० वर आकडा जास्त असता तर दांडा लांब झालाय. फायबरच्या अँटेनाला शेंड्याला टोपीखाली स्क्रू असतो, तो एक-दोन फेरे फिरवायचा, टोपी परत घालायची आणि मगच मोजायचं. स्टीलची छडी कापायची वेळ आली तर एका वेळी पाच-सहा मिलिमीटरच. पूर्ण लांबीच्या छडीत चॅनल १ आणि ४० मधला फरक सगळा मिळून चारेक सेंटिमीटर असतो, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. दोन्ही टोकांचे आकडे सारखे झाले की लॉक नट आवळा. तिन्ही चॅनलवर आकडा ३ च्या पुढे असेल, तर लांबीला हात लावू नका. दोष त्या वॉशरमध्ये किंवा बॉडीच्या जोडात शोधा.

१:१ आकडा आला म्हणून कुणी पेढे वाटायला निघतं, तेव्हा मला थोडी शंका येते. आदर्श पत्र्यावर पूर्ण पाव लहरीचा दांडा सुमारे ३६ ओहमचा असतो, म्हणजे ५० च्या संचाला एसडब्ल्यूआर १.४ दिसायला हवा. तिथे १:१ दिसला, तर बऱ्याचदा उरलेले १४ ओहम गंजलेल्या जोडात आणि सैल बोल्टमध्ये असतात आणि तेवढी ताकद तिथे तापण्यात जाते. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा नुसता रेझिस्टर लावला तरी मीटर १:१ च दाखवतं, आणि आवाज अंगणाबाहेर जात नाही. म्हणून मीटरच्या जोडीला तीन-चार किलोमीटरवर उभ्या असलेल्या मित्राला विचारा. गाडी त्याच्याकडे तोंड करून, मग पाठ करून, मग आडवी लावून बोला. कुठल्या बाजूला आवाज पडतो ते त्यातून कळतं.

तिकडून संच भारतात आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: आपल्याकडे परवान्याशिवाय मोकळी असलेली पट्टी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढीच आहे, ५ वॅटपर्यंत. अमेरिकन संचाचे पहिले २७ चॅनल तिच्यात बसतात, पुढचे बसत नाहीत. तेव्हा इथे ट्यूनिंग करताना चॅनल १ आणि २७ धरून मोजायचं.

टपावर कॅरिअर चढवलं किंवा स्टेपनीची जागा बदलली, की आकडे पुन्हा घ्यायचे. आधीचे आकडे फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवले, तर तुलना करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.