काचेमागचे सोबती (लेखांक ६) : ऊब आणि जमीन

टँक कोणता घ्यायचा ते मागच्या आठवड्यात ठरलं. आता ऊब कशाने द्यायची आणि खाली काय अंथरायचं? दुकानात या वस्तू वेगवेगळ्या फळ्यांवर असतात, म्हणून माणसं त्या वेगवेगळ्या निवडतात आणि तिथेच गाडं अडतं. खरं तर हा निर्णय एकच आहे.

आपण बोलतोय ते लेपर्ड गेकोबद्दल. अमेरिका-ब्रिटनमध्ये हौसेने पाळल्या जाणाऱ्या पालींमध्ये हा फार लाडका. आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी चिकट बोटं त्याला नसतात, त्यामुळे काचेवर चढणं त्याला जमत नाही. सगळा संसार जमिनीवर. मूळ मुलूख अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताची कड. तिथे तो वाळूच्या टेकड्यांवर नव्हे, तर दगडांच्या फटींत आणि टणक मातीवर राहतो. (त्याचा एक भाऊबंद आपल्या सातपुड्यातही आहे. २०१४ साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. त्याला रानातच राहू द्यावं.)

गेकोला अंगची ऊब नसते. खाल्लेलं पचवायलाही बाहेरची ऊब लागते. म्हणून टँकची एक बाजू गरम, दुसरी थंड ठेवायची. कुठे बसायचं ते तो ठरवेल. गरम आडोशातल्या जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सियस, थंड बाजूला २४ ते २६. रात्री २० पर्यंत उतरलं तरी धडधाकट जनावराला चालतं.

सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे टँकच्या तळाला बाहेरून लावायची हीट मॅट. फरशी किंवा किचन पेपर अंथरला असेल तर ती छान चालते. पण वर चार बोटं माती घातली की ऊब खालीच कोंडते. वरची माती गार आणि तळाची काच तापलेली. गार लागलं की गेको उकरत खाली जातो, काचेला पोट लावून बसतो आणि भाजतो. या प्राण्यांना भाजत असल्याचं चटकन उमगत नाही. तेव्हा मातीचा जाड थर हवा असेल तर ऊब वरून द्या: दिवसा हॅलोजन, रात्री गरज पडलीच तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर. रात्रीसाठी म्हणून विकला जाणारा लाल बल्ब घेऊ नका; त्याचा उजेड गेकोला दिसतच नाही असं धरून चालू नये. काही गेकोंना अंधुक चांदण्यातही रंग ओळखू येतात, हे २००४ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं.

साधन कोणतंही असो, थर्मोस्टॅट हवाच. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, जिथे गेको टेकतो तिथेच घट्ट बसवा. प्रोब निसटून गार कोपऱ्यात गेला, तर थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे आणि मॅट तापतच राहते. काचेवर चिकटवायचे गोल काटेवाले थर्मामीटर मात्र शोभेचे. जमीन किती तापली ते त्यांना कळत नाही.

आता वाळू. ती पोटात साचून आतडं तुंबतं, ही भीती खरी आहे. पण नुसत्या वाळूला दोष देऊन भागत नाही. टँक गार असला की पचन मंदावतं, कॅल्शियम कमी पडलं की गेको वाळू चाटायला लागतो, आणि मग गिळलेलं पुढे सरकत नाही. ‘पचणारी’ म्हणून विकली जाणारी कॅल्शियमची वाळू तर दुकानातच राहू द्या; ती चाटायला गेकोला आणखी निमित्त मिळतं. रेप्टाइल कार्पेटच्या धाग्यांत नखं अडकतात, तेही नको.

मला विचाराल तर नवख्याने खडबडीत फरशीपासून सुरुवात करावी. आपली शहाबादी असते तशी, पण बेतशीर पातळ. ती ऊब धरते, नखं झिजवते, धुता येते. कडेच्या फटी मात्र बुजवा, नाहीतर खायला सोडलेले नाकतोडे तिथे दडून बसतात. नवीन आणलेल्या किंवा आजारी गेकोला पहिले काही आठवडे किचन पेपरच बरा. शी कशी होते ते लगेच दिसतं. हात बसला की माती आणि वाळूचं मिश्रण करा. माती जास्त, वाळू कमी, आणि पाणी शिंपडून, चोपून वाळवलेलं. उकरायला मिळालं की गेको खूश असतो.

जमीन कोरडी असली तरी एक आडोसा दमट हवा. झाकणाला भोक पाडलेला प्लॅस्टिकचा डबा आणि आत ओलं शेवाळ, एवढं पुरतं. कात टाकताना ओल मिळाली नाही तर बोटांवर जुन्या कातडीची वेटोळी राहतात, रक्त अडतं आणि बोटं झडतात.

हे सगळं जोडून टँक दोन-तीन दिवस रिकामाच चालवा. सकाळी, दुपारी आणि पहाटे दोन्ही टोकांचं तापमान लिहून ठेवा. आकडे जागेवर आले की मगच गेको आणायला निघा.