बेने इस्राएल कन्येस भेट कोणती द्यावी?

नवरात्रात कुमारिकेस देवीस्वरूप मानणाऱ्या घरांना कन्यासंस्काराचे मोल सांगावयास नको. नांदेड-लातूरकडील पुष्कळ कुटुंबे मुंबई-ठाण्यास स्थिरावली आहेत. तेथील बेने इस्राएल शेजाऱ्यांकडून ‘बात मित्स्वा’चे निमंत्रण आले तर भेट काय न्यावी?

‘बात मित्स्वा’ म्हणजे ‘आज्ञेची कन्या’. बाराव्या वर्षी ज्यू मुलगी धर्माचरणास स्वतः उत्तरदायी होते. एका अर्थी हे तिचे उपनयनच. आपण रूढीने देवतेची प्रतिमा कोरलेले चांदीचे नाणे देतो; परंतु मूर्तिपूजा त्या धर्मात निषिद्ध असल्याने ते तिला संकोचात पाडील. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, पैशाचा व्यवहार वर्ज्य. म्हणून रोख रक्कम अन्य दिवशी आणि १८ च्या पटीत द्यावी. ‘जीवन’ या अर्थाच्या हिब्रू शब्दातील अक्षरांची मूल्ये ८ व १०, त्यांची बेरीज १८. अठरा पुराणे व गीतेचे अठरा अध्याय जाणणाऱ्यांना ही संख्या परकी कशी वाटेल?

आम्ही मात्र दीपपात्रांची जोडी सुचवितो. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी ज्यू स्त्रिया दीप लावून शब्बाथचे स्वागत करतात. कोकणात तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी ते बंद ठेवणारा हा समाज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने आपल्या धर्मग्रंथातील आख्याने मराठी कीर्तनातून गाइली. ज्यांनी आमचे कीर्तन आपलेसे करूनही आपला धर्म सोडला नाही, त्यांच्या कन्येस तिच्याच व्रताचा दिवा द्यावा, हेच उचित प्रतिदान होय.