माणदेशचे माडगूळकर आणि शेतकऱ्यांची नभोवाणी

कै. व्यंकटेश माडगूळकर ह्यांचे नाव निघाले म्हणजे आमच्या बहुतेक वाचकांस ‘बनगरवाडी’ आठवेल, ‘माणदेशी माणसे’ आठवतील. साहित्यरसिकांनी त्यांचा गौरव यथायोग्य केला आहे. १९८३ साली ‘सत्तांतर’ ह्या कादंबरीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला व त्याच वर्षी अंबाजोगाई येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांजकडे आले. परंतु ज्या धंद्यावर त्यांचा चरितार्थ चालला, त्याचा उल्लेख चरित्रलेखक एका ओळीत उरकतात. १९५५ साली ते पुण्याच्या आकाशवाणी केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात दाखल झाले व पुढे अनेक वर्षे तेथेच राहिले. कास्तकारांच्या मासिकाने तरी ही ओळ थोडी उलगडून पाहावी, असे आम्हांस वाटते. येत्या २०२७ साली त्यांच्या जन्मास शंभर वर्षे पुरी होतात.

माडगूळकर वऱ्हाडचे नव्हेत. त्यांचा जन्म त्या वेळच्या औंध संस्थानातील माडगुळे गावी, १९२७ साली झाला. हा मुलूख आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात मोडतो. पाऊस थोडा, जमीन माळरानाची, भरवसा मेंढरांवर. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या ह्या माणसाने मेंढपाळ, बलुतेदार, कोरडवाहू शेतकरी ह्यांचे बोलणे कान देऊन ऐकले होते. आमच्या मते नभोवाणीच्या ग्रामीण विभागास पदवीपेक्षा ह्याच भांडवलाची गरज होती. ‘बनगरवाडी’तील तरुण मास्तर मुलांना शिकवितोच, शिवाय गावकऱ्यांची अडलेली कामे अंगावर घेतो आणि त्यांच्या हातून तालीम उभी करवितो. सरकार व गाव ह्यांच्या मधोमध उभे राहून दोघांचे एकमेकांस समजावून सांगणारा हा माणूस, ज्या साली पुस्तकरूपाने वाचकांपुढे आला त्याच साली त्याचा कर्ता तशाच कामावर रुजू झाला, हा योग मोठा गमतीचा म्हणावा लागेल.

माडगूळकर रुजू झाल्यावर वर्षभराच्या आतच पुणे केंद्राने एक असा प्रयोग केला की त्याची वार्ता परदेशांपर्यंत गेली. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची नभोवाणी मंडळे चालत होती. त्याच धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ ह्या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या 5 जिल्ह्यांतील १५० गावी श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई, आणि एकंदर २० कार्यक्रम झाले. गावातील सुमारे वीस माणसे संचाभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, आणि तो संपताच घरी न जाता ऐकलेल्याविषयी आपसांत बोलत. ह्या बोलण्यातून निघालेले प्रश्न पुण्यास पाठविले जात व त्यांची उत्तरे पुढे नभोवाणीवरून मिळत.

सर्व खुबी ह्या शेवटच्या वाक्यात आहे. प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ ह्यांनी आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर ह्यांच्यासह लिहिलेला तिचा वृत्तान्त १९५९ साली युनेस्कोने छापला. ज्या गावांत संच होता पण मंडळ नव्हते, त्यांच्याशीही मंडळांची तुलना केलेली होती. मंडळांच्या गावी लोकांचे ज्ञान स्पष्टपणे वाढले. नुसत्या संचाच्या गावी ते फारसे वाढले नाही. निरक्षर सभासदांसही लाभ झाला.

हा प्रयोग चालला तेव्हा वाशीम हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते व वऱ्हाड मध्यप्रदेशात होता. आम्हांस नभोवाणी मिळे ती १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर केंद्राची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, तोवर प्रयोग संपून गेला होता. १९५९ पासून मंडळे देशभर निघाली, १९६६ पासून केंद्राकेंद्रांवर शेती व गृह विभाग आले. तंजावरकडे तर एडीटी-२७ ह्या भाताच्या जातीस शेतकरी ‘रेडिओ भात’ म्हणू लागले, कारण तिची माहिती त्यांना नभोवाणीवरून झाली होती. मंडळे मात्र पुढे नावापुरती उरली. ऐकणे ज्याचे त्याच्या घरी गेले आणि प्रश्न विचारणारा वीसजणांचा घोळका मोडला.

आणखी एक गोष्ट आमच्या भागास लागू पडते. पुण्याकडील निवेदक ‘कोळपणी करा’ म्हणेल. आमचा कास्तकार ‘डवरणी’ करतो. तिकडे कुळव, इकडे वखर. तिकडे बांध, इकडे धुरा. आणि कपाशी तर आमच्याकडे पऱ्हाटी. शब्द कळत नाही असे नव्हे, पण परका शब्द कानावर पडला की सल्लाही परका वाटतो. माडगूळकरांची वाक्ये छोटी, वस्तूस तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारी. शेतकी सल्ला लिहिणारांनी ती शैलीच्या हौसेपुरती न वाचता धडा म्हणून वाचावी.

हा केवळ भाषेचा लाड नव्हे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावर सूचना छापलेल्या असतात, त्याही मुंगीच्या अक्षरांत. पंप पाठीवर घेणारा पुष्कळदा मजूर असतो, आणि डबा विकत घेणारा दुसराच. ज्याने वाचावे त्याच्या हाती डबा नाही, ज्याच्या हाती डबा आहे त्यास वाचता येईलच असे नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, दोन औषधे मनाने मिसळू नयेत, तोंड-हात झाकावेत, उपाशीपोटी पंप उचलू नये, ह्या चार गोष्टी ओळखीच्या आवाजात, ओळखीच्या शब्दांत, फवारणीच्या आदल्या संध्याकाळी कानी पडल्या तर त्यांचे मोल काय, हे कोणी आम्हांस विचारू नये.

आज प्रत्येक खिशात फोन आहे व त्यावर सल्ल्यांचा पाऊस पडतो. उलट प्रश्न विचारण्याची सोय मात्र थोडी, आणि चौघांनी मिळून ऐकण्याची त्याहून थोडी. अकोल्यास आकाशवाणीचे केंद्र आहे, रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. आमच्या सभासदांनी येत्या खरिपापूर्वी आपापल्या गावी वीस माणसांची बैठक भरवून पाहावी. सोयाबीनवरील खोडमाशी व चक्रीभुंगा, तुरीची मर, हे विषय आपोआप निघतील. निघालेले प्रश्न त्याच रात्री कागदावर उतरवावेत आणि करड्यास पाठवावेत. आलेले उत्तर पुढील बैठकीत मोठ्याने वाचले जावे. पहिली बैठक फवारणीचीच असावी, आणि तिला धन्यांबरोबर पंप पाठीवर घेणारे मजूरही बोलवावेत. त्यांचा रोज बुडणार नाही अशी वेळ धरावी.