एकट्याने मुंबईत उतरताना

किलवणी, सिल्वासा, खानवेल या भागांतून मुंबईस निघालेल्या माणसाला आपला मुलूख ओलांडल्यावरच रेल्वेगाडी दिसते. दादरा-नगर हवेलीत लोहमार्ग नाही. १९५४ साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झालेला आणि १९६१ साली भारतात रीतसर समाविष्ट झालेला हा प्रदेश २०२० पासून दमण व दीव यांच्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशात मोडतो. परंतु रेल्वेपुरते त्याला गुजरातेतील वापीचे किंवा भिलाडचेच दार ठोठवावे लागते. वापीहून मुंबई सुमारे १७० किलोमीटर. पहाटे घर सोडलेला माणूस दुपारच्या आत शहरात पोहोचतो. मात्र मुंबईत पोहोचणे आणि मुंबईतील इष्ट स्थळी पोहोचणे या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत.

अशा प्रवाशाची फजिती झाली की गावी परतल्यावर त्याच्या भोळेपणाला हसण्याची रीत आहे. ही रीत अन्यायाची होय. चांगला शिकलेला, पाट्या भराभर वाचणारा माणूसही तेथे चुकतो. किंबहुना वाचता येते म्हणूनच चुकतो. तेथील नावे आणि क्रमांक यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने काही निराळाच अर्थ चिकटलेला आहे, आणि तो कोणत्याही पाटीवर लिहिलेला नसतो.

किलवणीच्या एखाद्या गृहस्थाला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावयाचे आहे, अशी कल्पना करावी. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाकडे देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येतात, आणि त्यांतले कित्येक सोबतीवाचून येतात. गृहस्थाच्या पिशवीत तपासणीचे कागद आहेत व वेळ ठरलेली आहे. वापीची गाडी सोडून तो बोरिवलीस उतरतो आणि चर्चगेटकडे जाणारी लोकल धरतो. डब्यातील नकाशात दादरच्या पुढे प्रभादेवी व लोअर परळ ही स्टेशने त्याला दिसतात. पण गाडी जलद असेल तर दादर सोडल्यावर ती एकदम मुंबई सेंट्रललाच थांबते, आणि ही दोन्ही स्टेशने त्याच्या डोळ्यांदेखत निघून जातात. गाडी धिमी असली तरी संकट टळत नाही. प्रभादेवी येते; त्या नावाशी त्याचे काही देणेघेणे नसते, म्हणून तो स्वस्थ बसून राहतो. पुढे लोअर परळ येते. त्यात ‘परळ’ आहे! तो घाईने उतरतो, आणि तेथेच फसतो.

वस्तुतः परळ हे स्टेशन मध्य रेल्वेवर आहे. पश्चिम रेल्वेवरील त्याचे शेजारी स्टेशन प्रभादेवी असून दोहोंमध्ये पादचारी पूल आहेत. म्हणजे ज्या स्टेशनात उतरावयाचे तेच त्याने सोडून दिले. वाट विचारावी तर एखादे वयस्क गृहस्थ सांगतात, “अहो, तुम्ही एल्फिन्स्टनला उतरायला हवं होतं.” आता हे तिसरेच नाव! प्रभादेवीचेच ते जुने नाव. २०१८ साली ते पालटले, पण लोकांच्या जिभेवरून गेलेले नाही. लोअर परळहून रुग्णालयाचे अंतर तसे फार नाही. तथापि आजारी माणसाला, भर उन्हात, ठरलेली वेळ टळत असताना ते किती वाटत असेल, हे निराळे सांगावयास नको.

आकड्यांचीही हीच तऱ्हा. दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वे एकमेकींना लागून आहेत, आणि पूर्वी दोघींचेही फलाट स्वतंत्रपणे एकपासून मोजले जात. “तीन नंबरवर उभा राहा” एवढ्याच निरोपावर विसंबलेले दोघे जण दोन निराळ्या तीन नंबरांवर एकमेकांची वाट पाहात उभे राहात. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ हे क्रमांक देण्यात आले व पश्चिमेकडे १ ते ७ राहिले. चूक प्रवाशांची नसून मोजणीची होती, याची ही एक प्रकारे कबुलीच म्हणावयाची.

ही गफलत नुसत्या वेळेवर निभावते असे नाही. भलत्या फलाटावर उतरलेल्या माणसाला समोरचा फलाट चार पावलांवर दिसतो. पूल मात्र दूर आणि माणसांनी भरलेला असतो. मग तो रूळ ओलांडू पाहतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२२, २०२३ व २०२४ या तिन्ही वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत रूळ ओलांडताना गेलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. पुलावर धोका नसतो असेही नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी या प्रभादेवीच्याच, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडच्या, अरुंद पुलावर पावसाच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक जणांचा अंत झाला. त्यानंतर सैन्यदलाने तेथे नवा पूल बांधला व तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला.

डब्यांचे अज्ञानही खिशाला भोवते. पहिल्या वर्गाचा डबा त्याच गाडीत, तशाच रंगरूपाचा असतो. बाहेरचे तिरपे पट्टे तेवढे त्याची ओळख. रिकामा डबा पाहून नवखा माणूस आनंदाने चढतो आणि तिकीट तपासनीस आला म्हणजे दंड भरतो. रिक्षाचेही तसेच. उपनगरांतून ती हवी तेथे नेते, पण माहीम आणि शीव यांच्या दक्षिणेस तिला मज्जाव आहे. तेथून पुढे टॅक्सी किंवा बस.

हल्ली प्रत्येकाच्या हातात नकाशा दाखविणारा फोन आहे खरा. परंतु दादरच्या गर्दीत तो बाहेर काढण्यास हात मोकळा लागतो, आणि उतरावयाचे असेल तर वांद्र्यापासूनच दाराकडे सरकावे लागते, हे फोन सांगत नाही. ते शेजारचा प्रवासी सांगतो. त्याला “परळ कुठे?” असे विचारले तर तो परळ दाखवील, “टाटाला जायचंय, कुठे उतरू?” असे विचारले तर तो हटकून योग्य स्टेशन सांगेल, आणि बहुधा दाराशी वाटही करून देईल. मुंबईचा माणूस थांबून बोलत नाही, पण चालता चालता बरोबर सांगतो.

परतीच्या वाटेवर आणखी एक नाव आडवे येते. मध्य रेल्वेचे मुख्य स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस; मुंबई सेंट्रल हे, नावात ‘सेंट्रल’ असूनही, पश्चिम रेल्वेचे. वापीकडील गाड्या या पश्चिम रेल्वेच्या. काही वांद्रे टर्मिनसहून सुटतात, आणि ते वांद्र्याच्या लोकल स्टेशनाहून वेगळे आहे. खार रोडला उतरून पुलाने तेथे जाता येते. हे ठाऊक नसले की संध्याकाळची गाडी हुकते. मग पुढच्या गाडीने माणूस मध्यरात्री वापीस उतरतो, आणि किलवणीकडचे वाहन मिळेपर्यंत कागदांची पिशवी उशाशी घेऊन बहुधा उजाडेतो फलाटावरच पडून राहतो.