स्थौल्य आणि बीजोत्सर्गाची संप्रेरक-चिकित्सा

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमने (पीसीओएस) पीडित, अपत्यप्राप्तीची इच्छा असलेली स्त्री आपल्याकडे येते, तेव्हा पुष्कळदा स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेल्या क्लोमिफीन वा लेट्रोझोलच्या गोळ्या तिच्याकडे असतात. वजन उतरल्याखेरीज या गोळ्यांचा गुण येणार नाही, हे खरे काय, असा तिचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर वैद्य व औषधविक्रेते या दोघांनाही ठाऊक असावे.

वाढलेल्या, विशेषतः उदरस्थ, मेदामुळे इन्सुलिन-प्रतिरोध बळावतो व रक्तातील इन्सुलिन वाढते. ते बीजग्रंथीस अधिक अँड्रोजेन निर्माण करण्यास प्रवृत्त करते आणि यकृतात तयार होणारे, लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन घटविते. परिणामी मुक्त टेस्टोस्टेरॉन वाढून बीजपुटकांची वाढ मध्येच खुंटते. अशा रुग्णेत क्लोमिफीनची ५० मि.ग्रॅ. ही प्रारंभिक मात्रा अपुरी पडण्याचा संभव अधिक असतो. एफएसएचच्या इंजेक्शनांचीही मात्रा वाढवावी लागते. अमेरिकेत ७५० रुग्णांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना जिवंत अपत्य झाले. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही बीजोत्सर्गासाठी लेट्रोझोललाच प्रथम पसंती आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात अतिस्थूल व्यक्तीत मेदच पोसला जातो, इतर धातूंचे तसे पोषण होत नाही, असे वर्णन आहे. तेथे गुरु परंतु अपतर्पण करणारा आहार सांगितला आहे. उपवासाने शरीर कृश करणे हा त्याचा अर्थ नव्हे. यव, मूग, कुळीथ, ताक यांची योजना व नित्य व्यायाम येथे उपयुक्त ठरतात.

किती वजन उतरावे? उंची १५५ सें.मी. व वजन ७० किलो असल्यास बॉडी मास इंडेक्स सुमारे २९ येतो. तो २३ वर आणण्यास जवळजवळ १५ किलो घटवावे लागतील. परंतु ५ ते १० टक्के, म्हणजे साडेतीन ते सात किलो घट झाली तरी अनेक स्त्रियांत बीजोत्सर्ग सुधारतो. हे उद्दिष्ट रुग्णेला आवाक्यातले वाटते.

तथापि दोन गोष्टींचे भान ठेवावे. पीसीओएसच्या काही रुग्णा कृश असतात. त्यांना लंघन देऊ नये. तसेच पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीस वजनासाठी दीर्घकाळ थांबविल्यास वयामुळे होणारी हानी वजनाच्या लाभापेक्षा मोठी ठरू शकते. तिची दोन्ही चिकित्सा एकाच वेळी, तज्ज्ञांशी विचारविनिमय करून चालू ठेवावी. बीजोत्सर्गाच्या औषधांच्या चक्रात वमन-विरेचनादी शोधन टाळावे व गर्भधारणेची शक्यता असताना गुग्गुळाचे कल्प देऊ नयेत. विक्रेत्यांनीही जुन्या चिठ्ठीवर या गोळ्या पुन्हा देऊ नयेत; लेट्रोझोल गर्भावस्थेत निषिद्ध असल्याने प्रत्येक चक्रापूर्वी गर्भ नसल्याची खात्री होणे अगत्याचे आहे.

गुण न आल्यास दोष केवळ रुग्णेच्या वजनावर टाकू नये. पतीची शुक्रपरीक्षा झाली आहे काय, हे प्रथम विचारावे.