आधी स्क्रीन, मग डेटाबेस

रुग्णालयातील केसपेपरच्या खिडकीवर कर्मचारी विचारतो, ‘‘आजी, तुमची जन्मतारीख काय?’’ आजी सांगतात, ‘‘तारीख कुठली रे बाबा! बहात्तरच्या दुष्काळात थोरला झाला, तेव्हा मी विशीची असेन.’’ संगणक मात्र दिवस, महिना, वर्ष भरल्याशिवाय पुढे जात नाही. मागे रांग वाढते. कर्मचारी १ जानेवारी टाकून मोकळा होतो. पुढच्या वेळी दुसरा कर्मचारी दुसरेच वर्ष टाकतो आणि आजींच्या नावावर दोन नोंदी तयार होतात. एखाद्या औषधाची अॅलर्जी पहिल्या नोंदीत असेल, तर दुसरी नोंद उघडणाऱ्या डॉक्टरांना ती दिसतच नाही.

चूक कर्मचाऱ्याची नाही, सॉफ्टवेअर बनवण्याच्या क्रमाची आहे. बहुतेकदा आधी डेटाबेसचे तक्ते आखले जातात. मग तक्त्यातील प्रत्येक रकान्यासाठी स्क्रीनवर एक चौकट येते. खिडकीवर काय घडते, हे शेवटी कळते.

क्रम उलटा केला तर? आधी स्क्रीन कागदावर काढायची आणि कर्मचाऱ्याला पेन्सिलने भरायला सांगायची. तो जिथे अडतो, तिथे खोडून पुन्हा काढायचे. हातात मावणारा ‘पाम पायलट’ हा संगणक १९९६मध्ये बाजारात आला. तो बनवण्यापूर्वी जेफ हॉकिन्स खिशात लाकडी ठोकळा घेऊन फिरत आणि गरज पडली की त्यावर नोंद केल्याचे नाटक करीत. माणूस ते यंत्र कसे वापरेल, हे त्यांना यंत्र तयार होण्याआधी पाहायचे होते.

आजींच्या बाबतीत कागदावरच कळले असते की, इथे ‘अंदाजे वय’ विचारायला हवे. पण डेटाबेसमध्ये नुसते वय साठवून चालत नाही. ते पुढच्या वर्षी जुने होते. म्हणून स्क्रीनवर वय विचारायचे, आत त्यावरून काढलेले जन्मवर्ष ठेवायचे आणि शेजारी ‘अंदाजे’ अशी खूण करायची. अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएमआरएस’ या रुग्णनोंद प्रणालीत अशी खूण करण्याची सोय आहे. म्हणजे डेटाबेसची आखणी दुय्यम नाही. तिला काय साठवायचे, हे आधी स्क्रीन सांगते.

हे आधीच करावे लागते. कागदावरची स्क्रीन खोडरबराने बदलता येते. हजारो नोंदी झाल्यावर नवा रकाना जोडता येईल. पण जुन्यांपैकी कोणती १ जानेवारी खरी आणि कोणती नाइलाजाने टाकलेली, हे कुठलाही संगणक सांगू शकणार नाही. मूत्रपिंडाचे कार्य ठरवण्याच्या सूत्रातही वय लागते आणि त्यावरून काही औषधांची मात्रा ठरते.

त्यामुळे दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर करून घेताना एक सकाळ खिडकीवरच्या कर्मचाऱ्यासोबत आणि परिचारिकेसोबत कोरे कागद घेऊन बसावे. संगणक त्यानंतर उघडावा.