विश्लेषण : जुन्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधली धूळ पुसावी की राहू द्यावी?

गणपती जवळ आले की गिरगाव-लालबागच्या चाळींतले पोटमाळे आवरायला निघतात. त्यात कधी चामड्याच्या कव्हरमधला रोलचा कॅमेराही हाती लागतो. डोळ्याला लावला की आत काळे ठिपके, तंतू दिसतात आणि हात रुमालाकडे जातो. कॅमेऱ्याचे खरे नुकसान इथेच होते.

ठिपके फोटोत येतात का?

नाही. बडोद्यात तयार झालेल्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी आणि फोटो काढणारे भिंग वेगळेच असते. पेंटॅक्स के १००० किंवा निकॉन एफएम २ यांसारख्या एसएलआरमध्ये भिंगातून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडून वर फोकसिंग स्क्रीनवर जातो, तिथून प्रिझममार्गे डोळ्यापर्यंत. बटण दाबताच आरसा उचलला जातो आणि प्रकाश थेट फिल्मवर पडतो. स्क्रीनवरचा कचरा त्या वाटेत येतच नाही.

फोटोतल्या डागाचा रंगच त्याचा पत्ता सांगतो. फिल्मच्या चौकटीत अडकलेला केस प्रकाश अडवतो, म्हणून प्रिंटवर काळा उमटतो. प्रिंट काढताना निगेटिव्हवर बसलेली धूळ मात्र पांढरी दिसते.

कचरा येतो कुठून?

परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहताना धूळ कमी उडालेली नाही. पण कॅमेऱ्यातला कचरा अनेकदा घरचाच असतो. आरसा आपटू नये म्हणून वरच्या कडेला फोमची पट्टी असते. काही दशकांत ती चिकट होऊन तिचे काळे कण स्क्रीनवर गळतात. पट्टी बदलल्याशिवाय कितीही साफ केले तरी कण पुन्हा पडणारच.

साफ कसे करावे?

भिंग काढावे, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे आणि रबरी ब्लोअरने दोन-चार वेळा हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे उडतात. हवेच्या दाबाचा डबाही नको, त्यातला द्रव आत उडू शकतो. आरशाचा चकाकणारा थर काचेच्या मागे नव्हे, वरच असतो. स्क्रीन बहुधा प्लास्टिकची. दोन्हींवर कापडाचा ओरखडा कायमचा राहतो. ब्लोअरने न हललेला कण बहुधा स्क्रीन आणि प्रिझमच्या मध्ये असतो. त्यासाठी अनेक कॅमेऱ्यांत वरचे झाकण उघडावे लागते. ते काम फोर्टातल्या बोरा बाजार परिसरातल्या जाणत्या कारागिराचे. दिसायला त्रास नसेल, तर कण तसाच राहू देणे शहाणपणाचे.

बुरशी हे मात्र वेगळे प्रकरण. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू भिंगात दिसले तर फोटो धूसर येतो. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि चामड्याचे कव्हर ती धरून ठेवते. कव्हर बाजूला काढून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

आणि चौकट साफ करायला मागचे झाकण उघडण्याआधी आत रोल नाही ना, हे तपासावे. ३५ मिमीच्या कॅमेऱ्यात रोल गुंडाळायची चकती बाणाच्या दिशेने हळूच फिरवावी; ताण जाणवला तर आत फिल्म आहे. क्लिक थ्रीमध्ये मागच्या लाल खिडकीतून आकडा दिसतो. आजोबांनी अर्धाच काढलेला रोल उजेडात उघडला, तर त्यावरचे चेहरे पुन्हा मिळत नाहीत.